कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) बदलल्यावर आत अडकलेली हवा काढायची भानगड आली कुठून?

जुन्या गाड्यांत हा प्रश्न फारसा यायचाच नाही. रेडिएटर उंच, झाकण त्याच्या डोक्यावर आणि तेच सगळ्यात वरचं टोक, त्यामुळे पाणी ओतत गेलं की हवा त्याच तोंडातून बाहेर. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या बहुतेक गाड्यांना तर वॉटर पंपच नव्हता, गरम पाणी वर चढतं आणि गार खाली येतं एवढ्यावर भागायचं. १९२७ मध्ये इथिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ (पाणी गोठू नये म्हणून घालायचं रसायन) बाजारात आलं, पुढे आतला दाब धरून ठेवणारं प्रेशरचं झाकण आलं (दाब १५ पीएसआयने वाढला तर साधं पाणी जवळपास १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही).

खरी गडबड बॉनेट खाली यायला लागल्यावर झाली. रेडिएटर बुटका झाला, हीटरचा कोअर (गाडीच्या आत ऊब देणारा छोटा रेडिएटर) आणि वरचे पाइप त्याच्यापेक्षा उंच गेले, मग हवा तिथेच अडकणार ना! म्हणून हवा सोडायला सैल करायचे ब्लीड स्क्रू आले, थर्मोस्टॅटला (कूलंट तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) हवा जाण्यापुरतं बारीक भोक आलं. थर्मोस्टॅटमधल्या मेणाला गरम कूलंट लागलं तरच तो वेळेवर उघडतो, भोवती हवा असली तर उशीर करतो आणि तेवढ्यात इंजिन तापतं.

आणि याच काळात 'कूलंटची टाकी' या शब्दाचा जो घोळ झाला तो अजून निस्तरलेला नाही. एकाच नावाच्या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. एक म्हणजे ओव्हरफ्लोची बाटली, तिच्यात प्रेशर नसतं, इंजिन तापलं की रेडिएटरच्या झाकणातून जास्तीचं कूलंट तिच्यात जातं आणि गार झालं की परत ओढलं जातं. दुसरी एक्स्पान्शन टँक, प्रेशरचं झाकण तिलाच असतं, वरच्या टोकांवरून बारीक पाइप तिच्यात येतात आणि इंजिन चालू असताना हवा तिथे वेगळी होत राहते. पहिल्या प्रकारात रेडिएटर गळ्यापर्यंत भरायलाच लागतो, नुसती बाटली भरून बॉनेट बंद केलं तर आत पोकळी राहते आणि बाहेरून मात्र लेव्हल एकदम बरोबर दिसते! दुसऱ्या प्रकारात उलटं, टाकी काठोकाठ भरायचीच नाही, मॅक्सच्या वरची जागा कूलंट फुगतं त्यासाठी सोडलेली असते. दोन्हीला एकच नाव पडल्यामुळे एकीची पद्धत दुसरीला लावली जाते आणि माझ्या मते भरताना होणाऱ्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. बुटक्या रेडिएटरवरच झाकण ठेवून बाजूला बाटली लावायची हा निर्णय मला कधीच पटलेला नाही, टाकी सगळ्यात उंच ठेवणं हेच बरोबर होतं.

आता काही गाड्यांत इलेक्ट्रिक पंप असतो, तो इंजिन बंद असतानाही फिरवून हवा काढता येते, आणि व्हॅक्यूमने भरायची पद्धतही आलीये, आधी आतली हवा ओढून घ्यायची, व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजचा काटा जागेवर टिकतोय का बघायचं (टिकला नाही तर कुठेतरी गळती आहे) आणि मग व्हॉल्व्ह उघडला की कूलंट आपोआप आत ओढलं जातं.