लाँगबोर्डवरून शॉर्टबोर्डवर जाताय? बोर्ड घ्यायच्या आधी हे वाचा

सर्फिंगचा बोर्ड बदलायचाय म्हणून आमच्याकडे जे येतात त्यातले बरेच जण लांबीचा आकडा ठरवूनच येतात, सहा फुटी द्या, मित्राकडे आहे तसाच द्या. आम्ही मात्र पहिल्यांदा विचारतो ते तुमचं वजन किती आणि आठवड्यातून किती वेळा पाण्यात उतरता. काहींना वाटतं आम्ही उगाच चौकशा करतोय, म्हणून हे पत्रक काढलंय, म्हणजे आम्ही काय विचारतो आणि का विचारतो ते आधीच कळेल. घाईत लहान बोर्ड घेतला आणि पुढचे सहा महिने धड एक लाट मिळाली नाही, मग बोर्ड कोपऱ्यात आणि सर्फिंगच बंद, असं कोणाचंही होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

आधी तुमची तयारी बघू

लाँगबोर्डवर उभं राहता येतं एवढ्यावर ठरवू नका. फेसाळ पाण्यात नाही, न फुटलेली लाट, कोणी मागून न ढकलता स्वतःच्या पॅडलवर, म्हणजे बोर्डवर पालथं झोपून हातांनी पाणी मारत, पकडता येते का? उठल्यावर सरळ किनाऱ्याकडे न जाता लाटेच्या भिंतीवरून डावीकडे पण आणि उजवीकडे पण तिरकं जाता येतं का? दहा लाटांसाठी पॅडल मारलं तर त्यातल्या सहा-सात मिळतात का? आणि उठताना आधी गुडघा टेकवता का? लाँगबोर्डवर गुडघा टेकवून उठलेलं चालून जातं कारण बोर्ड तुमच्यासाठी थांबतो, शॉर्टबोर्ड अजिबात थांबत नाही, त्यामुळे ही सवय जुन्या बोर्डवरच मोडून टाका आणि मग या.

लिटर बघा, फूट नंतर

बोर्डच्या खालच्या बाजूला मधल्या पट्टीजवळ आकडे लिहिलेले असतात, लांबी, रुंदी, जाडी आणि हल्ली बहुतेक बोर्डवर व्हॉल्यूम म्हणजे लिटर. एक लिटर व्हॉल्यूम साधारण एक किलो वजन तरंगवतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. नऊ फुटी लाँगबोर्ड साधारण ६५ ते ७५ लिटरचा असतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला तो जवळपास अख्खा उचलून धरतो. तोच माणूस २८ लिटरच्या शॉर्टबोर्डवर बसला की बोर्ड पाण्याखाली जातो आणि पाणी पोटाच्या वर येतं. बोर्डात काही बिघाड नसतो, तो असाच असतो, शॉर्टबोर्ड तुम्हाला तरंगवण्यापेक्षा वेगावर उचलतो आणि तो वेग तुमच्या हातातून आणि लाटेतून यायला लागतो.

म्हणून आम्ही टप्प्याटप्प्याने खाली यायला सांगतो. ७० किलोचाच माणूस धरू, ७० लिटरवरून पहिली उतरण ५० लिटरच्या आसपास, साडेसात फुटी फनबोर्ड, म्हणजे लाँगबोर्ड आणि शॉर्टबोर्डच्या मधला. त्यावर न फुटलेल्या लाटा नेमाने मिळायला लागल्या की ४० लिटर, पावणेसात फुटांच्या आसपास, रुंद. मग ३५, तिथे सहा फुटांच्या आसपासचा फिश (आखूड, रुंद, मागे दुभंगलेल्या शेपटीचा) किंवा हायब्रिड (फिश आणि शॉर्टबोर्डच्या मधला) येतो. २७-२८ लिटरचा टोकदार, बारीक शॉर्टबोर्ड हा रोज पाण्यात असणाऱ्यांचा बोर्ड आहे आणि आठवड्यातून एकदा उतरणाऱ्याला ३५ लिटरवर राहूनही सगळी मजा मिळते, हे आम्ही बोर्ड विकणारे असूनही सांगतो. हे आकडे ताणून घेण्यासारखे आहेत, वय जास्त असेल, खांद्यात ताकद कमी असेल किंवा तुमच्याकडच्या लाटा मऊ असतील तर चार-पाच लिटर वर रहा. दोन मापांमध्ये अडकलात तर मोठं घ्या.

लिटर सारखे असले तरी सगळे बोर्ड सारखे वागत नाहीत. रुंद बोर्ड, २१ इंचांच्या आसपासचा, जास्त स्थिर असतो. रॉकर म्हणजे बाजूने बघितल्यावर दिसणारी बोर्डची कमान, ती जास्त असेल तर उभ्या लाटेत नोज म्हणजे बोर्डचं पुढचं टोक पाण्यात घुसत नाही पण पॅडल जड जातं, बदलाच्या काळात कमी कमानीचा बोर्ड बरा. एपॉक्सीचे बोर्ड हलके आणि पाण्यावर जास्त उचललेले वाटतात, सुरुवातीला मदतच होते.

खरी परीक्षा पॅडलची

नवीन बोर्ड नेल्यावर लोक परत येऊन जी तक्रार करतात ती उभं राहण्याची क्वचितच असते, लाटच मिळत नाही ही असते. लाँगबोर्डवर लाट अजून लांब असतानाच दहा-बारा आरामशीर हात मारले की बोर्ड घसरायला लागतो. शॉर्टबोर्डवर तुम्हाला किनाऱ्याकडे थोडं आत बसावं लागतं, लाट जिथे उभी होते तिथे, आणि तीन-चार जोरदार हात बरोबर वेळेला. लांब बसलात तर लाट खालून निघून जाते, फार आत बसलात तर डोक्यावर फुटते, या मधली जागा रोज बदलते आणि ती शोधणं हेच पहिल्या दोन महिन्यांचं काम समजा.

झोपायची जागा पण बघा. लाँगबोर्डवर चार इंच पुढेमागे झालं तरी खपतं, इथे एक इंच पण कळतो. नोज पाण्याच्या जेमतेम इंच-दोन इंच वर रहायला हवं. ते जास्त वर असेल तर तुम्ही मागे सरकलाय आणि ब्रेक लावून पॅडल मारताय. छाती उचलून धरा, पाय जुळवून ठेवा, दोन बाजूंना फाकले की बोर्ड डोलतो. पहिले काही दिवस तर एकही लाट न पकडता नुसतं सपाट पाण्यावर अर्धा तास पॅडल मारा, कंटाळवाणं आहे, कबूल, पण यापेक्षा जास्त उपयोगाचा दुसरा व्यायाम आम्हाला माहीत नाही.

पॉप-अप आणि त्यानंतर

टेकऑफ म्हणजे लाट पकडून निघणं उशिरा आणि उभ्या जागेवर होत असल्यामुळे पॉप-अपला म्हणजे झोपलेल्या अवस्थेतून उठायला वेळ फार कमी मिळतो. हात बरगड्यांशेजारी, एका झटक्यात दोन्ही पाय खाली, मागचा पाय फिनच्या (बोर्डखालच्या पंखांच्या) वर म्हणजे टेलवरच्या (बोर्डच्या मागच्या टोकावरच्या) पॅडवर, पुढचा मधल्या रेषेवर. घरी जमिनीवर पट्टी चिकटवा आणि रोज वीस वेळा करा, पाय दर वेळी रेषेवर पडतात का ते बघा. नजर खाली बोर्डकडे गेली की तुम्ही पण खाली जाता, जिकडे जायचंय तिकडे बघा.

उठल्यावर पुढचा धक्का बसतो. लाँगबोर्ड सपाट भागातून पण घसरत जातो, शॉर्टबोर्डवर नुसते उभे राहिलात की तो पाण्यात बसतो आणि थांबतो. गुडघे वाकवून लाटेच्या भिंतीवर वर-खाली करत वेग बनवत रहावं लागतं. वळताना नुसतं टेल दाबून चालत नाही, अख्खी रेल म्हणजे बोर्डची कड पाण्यात घालावी लागते आणि ती जास्त गेली तर आपटायला होतं. आपटाल, त्याचं काही वाटून घेऊ नका.

लाटांच्या पलीकडे जाताना

लाँगबोर्ड पाण्याखाली दाबता येत नाही म्हणून तुम्ही टर्टल रोल करता, बोर्ड उलटा करून खाली लटकता. शॉर्टबोर्डवर डक डाइव्ह शिकावाच लागतो. फुटलेली लाट दोन-एक बोर्डांच्या अंतरावर असताना, थांबून न राहता वेगात जाऊन, रेल पकडायची, हात सरळ करून नोज खाली दाबायचं, मग गुडघ्याने किंवा पायाने टेल दाबायचं आणि अंग बोर्डला चिकटवून लाटेखालून निघायचं. लोक एवढंच चुकतात की नोज दाबतात आणि टेल विसरतात, मग लाट टेलला धरून मागे ओढते. ४० लिटरच्या वर डक डाइव्ह बहुतेकांना जड जातो, तोवर टर्टल रोलच करा. बोर्ड सोडून देऊन खाली बुडी मारणं मात्र करू नका, लीशच्या म्हणजे पायाला बांधलेल्या दोरीच्या टोकाला तो मागच्या माणसाच्या डोक्यात बसतो.

थोडा इतिहास, कारण तो इथे लागू पडतो

१९६६ साली सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग जिंकला तो ९ फूट ४ इंचाच्या बोर्डवर, फक्त तो बाकीच्यांपेक्षा पातळ होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत बोर्ड बनवणाऱ्या बॉब मॅकटॅव्हिश वगैरे मंडळींनी बोर्ड भराभर लहान केले, आणि १९८० ला सायमन अँडरसनने तीन फिनचा थ्रस्टर बनवला, आज बहुतेक शॉर्टबोर्डवर तीच मांडणी असते. एवढ्या झपाट्याने लहान बोर्डवर गेलेले ते लोक रोज पाण्यात असणारे, जगातले उत्तम सर्फर होते. आपल्याला जास्त वेळ लागला तर ते साहजिक आहे.

लाँगबोर्ड विकू नका

बदली करून पैसे कमी होतील का असं विचारतात, जमत असेल तर जुना बोर्ड ठेवाच असं आम्ही सांगतो. गुडघाभर, मऊ लाटेच्या दिवशी शॉर्टबोर्ड घेऊन गेलात तर नुसते बसून रहाल, आणि मधूनमधून लाँगबोर्डवर भरपूर लाटा मिळाल्या की लाट वाचायची नजर पक्की राहते. ज्या दिवशी लाटा कमरेएवढ्या, स्वच्छ आणि गर्दी कमी तो दिवस नवीन बोर्डसाठी. गर्दीत पहिल्यांदा नेऊ नका, नवीन बोर्डवर तुमचा अंदाज चुकणार आणि पीकच्या, म्हणजे लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्या जागेच्या, जवळ असलेल्या माणसाच्या वाटेत याल, लाट त्याची असते.

आमच्याकडे येताना वजन, उंची, आत्ताच्या बोर्डवरचे आकडे आणि तुम्ही जिथे सर्फ करता तिथल्या लाटेचा एखादा व्हिडिओ घेऊन या, तुमचा स्वतःचा पॉप-अप दिसत असेल तर फारच छान. बोर्ड घ्यायच्या आधी त्याच मापाचा भाड्याने घेऊन निदान तीन-चार वेळा वेगवेगळ्या दिवशी पाण्यात न्या, एका दिवसावर काहीच ठरत नाही. आणि लीश बोर्डच्या लांबीएवढी घ्या, नऊ फुटी जुनी लीश सहा फुटी बोर्डला बांधलीत तर ती पायात अडकते आणि मागे ओढत रहाते.