सगळंच हिरवं शेवाळ नसतं: मार्केंशियाच्या वाट्या

पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर किंवा नर्सरीतल्या कुंड्यांत जे हिरवं धरतं, त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो आणि खरवडून टाकतो. खरवडण्याआधी एकदा वाकून बघा. मातीला चिकटलेली, टोकाला दोन-दोन फाटे फुटत गेलेली सपाट पट्टी आणि तिच्यावर दातेरी काठाच्या इवल्या वाट्या दिसल्या, तर ती मार्केंशिया! शाळेत ब्रायोफायटा, म्हणजे बिनफुलांच्या बुटक्या वनस्पतींच्या गटात, मॉसच्या शेजारी नाव वाचलेलं असतं, तीच. मार्केंशिया पॉलिमॉर्फा ही जाती हिमालयात सापडते. सह्याद्रीच्या ओल्या भागांत याच प्रजातीतल्या इतर जाती आहेत.

खरी गंमत त्या वाट्यांत आहे. वाटीच्या तळाची एकेक पेशी विभागत जाऊन अर्धा मिलिमीटरभर चकती तयार होते. हिला जेमा म्हणतात. चकती एकपेशीय देठावर उभी असते आणि तिला दोन बाजूंना खाचा असतात. प्रत्येक खाचेत वाढीचं टोक असतं. पण वाटीत असेपर्यंत ती वाढत नाही, कारण आईच्या वाढत्या टोकाकडून येणारं ऑक्झिन हे संप्रेरक तिला रोखून धरतं. ते टोक कापलं, तर जेमा वाटीतच रुजू लागतात.

पावसाचा थेंब वाटीत आदळला की सुट्या झालेल्या जेमा उडून दूर पडतात. कोणती बाजू वर राहील याचा नेम नाही आणि त्याने बिघडतही नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच असतात. उजेड पडेल ती वरची बाजू होते, तिच्यावर हवेची छिद्रं उमटतात. खालून मुळांसारखे केसाळ तंतू, म्हणजे मूलाभ, मातीत शिरतात. एकदा ठरलं की मग बदल नाही. फ्रान्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिरबेल यांनी हे 1835 सालीच नोंदवलं होतं. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी वर-खाली कळतं!

हिच्या गटाला यकृतका म्हणतात. पट्टीचा आकार यकृतासारखा, म्हणून ती यकृताच्या आजारावर गुणकारी, असं जुन्या युरोपात मानत. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून बुद्धी वाढवतो, हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ज्ञान त्याच जातीचं. आकारावरून औषध ठरत नाही. कावीळ झाली तर डॉक्टरकडेच जा.

घरी वाढवायची असेल तर पसरट कुंडीत बारीक माती आणि कोकोपीट भरा. त्यावर उकळतं पाणी ओतून गार होऊ द्या, म्हणजे मॉसचे आणि शैवालाचे बीजाणू बरेचसे मरतात. ओल्या ब्रशच्या टोकाने वाटीतल्या जेमा उचलून मातीवर टेकवा, पुरू नका. वर काच ठेवा, रोज थोडा वेळ उघडा. उजेड भरपूर हवा, पण थेट ऊन नको. उन्हात बंद काचेखाली ती अक्षरशः शिजते. पाणी पावसाचं किंवा आरओचं द्या, तेही बुडाच्या ताटलीतून. वीस-बावीस अंश तापमान तिला मानवतं, त्यामुळे आपल्याकडे सुरुवात पावसाळ्यात किंवा थंडीत करावी. काही आठवड्यांत नव्या पट्टीवर वाट्या येतात. मग ड्रॉपरने एका वाटीत वरून थेंब सोडा आणि जेमा कुठवर उडतात ते भिंगातून शोधा.