मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी : एका ‘तीव्रते’त अडकलेले दोन शब्द

भूकंपाचा धक्का जाणवला की पहिल्या काही मिनिटांत फोनवर एकच प्रश्न फिरतो : “तुमच्याकडे किती रिश्टरचा बसला?” पुण्यातला माणूस कराडला विचारतो, कराडचा पाटणला. काळजीपोटी विचारलेला हा प्रश्न आहे, पण त्याला उत्तर नाही. रिश्टरचा आकडा गावागणिक बदलत नाही. कराडला, पाटणला आणि पुण्याला तो एकच असतो, कारण तो भूकंपाचा असतो, गावाचा नसतो. गावागणिक जे बदलतं ते वेगळंच आहे, आणि इंग्रजीत त्याला वेगळा शब्द आहे.

भूकंपाच्या केंद्राशी खडक सरकला तेव्हा तो भूकंप मुळात किती मोठा होता, हे सांगणारा शब्द म्हणजे मॅग्निट्यूड. एका भूकंपाला एकच मॅग्निट्यूड. त्या भूकंपाने एखाद्या ठिकाणी जमीन किती हलवली, माणसांना काय जाणवलं, घरांचं काय झालं, हे सांगणारा शब्द म्हणजे इंटेन्सिटी. ती प्रत्येक ठिकाणची निराळी. ढोलपथक किती जोरात वाजतंय ही एक गोष्ट, आणि तुमच्या खोलीत आवाज किती येतोय ही दुसरी. त्यात तुम्ही किती दूर आहात, मध्ये काय आहे आणि खिडकी उघडी आहे की बंद, हे सगळं आलं.

मराठी बातम्यांत मात्र दोन्हींना ‘तीव्रता’ म्हणतात. ‘४.१ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप’ हे वाक्य इतकं रुळलंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही. इंटेन्सिटीला तीव्रता म्हणणं योग्यच आहे. मॅग्निट्यूडला तोच शब्द दिला की गोंधळ सुरू होतो.

हा गोंधळ होऊ नये म्हणूनच तर मॅग्निट्यूड हा शब्द भूकंपशास्त्रात आला. १९३५ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी बेनो गुटेनबर्ग यांच्या सहकार्याने भूकंप मोजण्याची नवी पद्धत मांडली. तोपर्यंत मोजमाप म्हणजे इंटेन्सिटीच. इटलीच्या ज्युसेप्पे मेर्काली यांच्या श्रेणीवरून भूकंप किती जाणवला ते ठरवायचं, आणि तिची १२ पायऱ्यांची सुधारित आवृत्ती हॅरी वुड आणि फ्रँक न्यूमन यांनी १९३१ मध्येच केली होती. याच हॅरी वुड यांनी रिश्टर यांच्याकडे आग्रह धरला की नव्या मापाला इंटेन्सिटीपेक्षा स्पष्टपणे वेगळं नाव हवं. रिश्टर यांना आकाशनिरीक्षणाची हौस होती. ताऱ्याची तेजस्विता सांगायला खगोलशास्त्रज्ञ मॅग्निट्यूड हा शब्द वापरतात, तोच त्यांनी उचलला. ताऱ्यांच्या त्या मॅग्निट्यूडला मराठीत ‘प्रत’ म्हणतात. पहिल्या प्रतीचा तारा, दुसऱ्या प्रतीचा तारा. शाळेच्या विज्ञानातही ‘परिमाण आणि दिशा’ असं आपण शिकतो, तिथलं परिमाण म्हणजेही मॅग्निट्यूड. म्हणजे मराठीत शब्दांचा तुटवडा नव्हता. भूकंपाच्या बाबतीतच ते वापरात आले नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते.

आकड्यांकडेही नीट पाहायला हवं. मॅग्निट्यूडची श्रेणी सरळ बेरजेने चढत नाही. एक अंक वाढला की यंत्रावर नोंदलेल्या लहरींचा झोका दहापट होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन अंक वाढले तर ऊर्जा हजारपट. त्यामुळे ६ आणि ८ मधलं अंतर थोडंसंच वाटतं, पण ते प्रचंड आहे. या श्रेणीला ‘१० पैकी’ अशी वरची मर्यादाही नाही. आजवर नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप १९६० चा चिलीचा, ९.५ चा. आणि खरं सांगायचं तर मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञ आता रिश्टर यांची मूळ पद्धत वापरत नाहीत. १९७९ मध्ये मांडलेलं मोमेंट मॅग्निट्यूड, म्हणजे किती मोठा खडक किती सरकला यावरून काढलेलं माप, वापरतात. बातम्यांत रिश्टर हे नाव मात्र चिकटून राहिलंय.

इंटेन्सिटीची श्रेणी अगदी वेगळ्या स्वभावाची. ती परंपरेने रोमन आकड्यांत लिहितात आणि तिला दशांश नसतो. ती ठरवण्यासाठी माणसांचे अनुभव आणि पडझड पाहतात. टांगलेले दिवे हलले का, झोपलेली माणसं जागी झाली का, गिलावा पडला का, भिंतीला तडा गेला का, आणि ती भिंत कशाची होती. भारतात भूकंपप्रवण विभाग ठरवताना मेदवेदेव, स्पॉनह्यूअर आणि कार्निक या तिघांच्या नावाची १२ पायऱ्यांची श्रेणी आधाराला घेतली होती. हे विभाग इंटेन्सिटीवरून आखले गेले, मॅग्निट्यूडवरून नाही. २००२ च्या नकाशात विभाग ३ म्हणजे जिथे इंटेन्सिटी ७ पर्यंत जाऊ शकते असा प्रदेश आणि विभाग ४ म्हणजे ८. हा ७ किंवा ८ कुणी रिश्टर समजून वाचला तर अर्थाचा पार अनर्थ होतो.

मॅग्निट्यूड लहान आणि इंटेन्सिटी मोठी, असं होतं का? न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये झालं. सप्टेंबर २०१० मध्ये शहराच्या पश्चिमेला ७.१ चा भूकंप झाला, त्यात कुणी थेट दगावलं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये ६.२ चा झाला, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात कितीतरी लहान, पण तो शहराच्या अगदी जवळ आणि उथळ होता. १८५ माणसं गेली. उलट मेक्सिको सिटीत १९८५ साली केंद्र शेकडो किलोमीटर दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्याशी होतं. शहराचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर उभा आहे, त्या गाळाने हादरे वाढवले आणि मधली गावं सोडून राजधानीत इमारती कोसळल्या. खोली, अंतर आणि पायाखालची जमीन या तिन्ही गोष्टी इंटेन्सिटी ठरवतात. मॅग्निट्यूडच्या आकड्यात त्या कुठेच दिसत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण आणखी विचार करायला लावतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सुमारे ६.३ चा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा ६.२ चा. दोन्ही पहाटेच्या अंधारात, माणसं घरात झोपलेली असताना झाले. कमाल इंटेन्सिटीही दोन्हीकडे आठच्या आसपास. पण कोयनेत सुमारे १८० मृत्यू झाले आणि किल्लारीच्या परिसरात जवळपास दहा हजार. किल्लारीची गावं दाट वस्तीची. जाडजूड दगडी भिंती मातीत रचलेल्या, त्यावर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंती माणसांवर कोसळल्या. कोयनेच्या डोंगराळ भागात वस्ती विरळ होती. म्हणजे हानी ही तिसरीच गोष्ट आहे. ती मॅग्निट्यूडवरून कळत नाही आणि एकट्या इंटेन्सिटीवरूनही नाही. आणि १९९३ पर्यंत किल्लारीचा परिसर देशाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभाग १ मध्ये होता. २००२ मध्ये तो विभागच रद्द झाला.

‘चारचाच तर आहे’ असं म्हणून विषय सोडून देणं म्हणूनच बरोबर नाही. नोव्हेंबर २०१८ पासून पालघरच्या डहाणू-तलासरी भागात लहान भूकंपांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा ४.१ चा होता. आकडे लहान, पण भूकंप उथळ. धुंदलवाडीसारख्या गावांत लोक आवाज ऐकत होते, भिंतींना तडे जात होते, कित्येकांनी रात्री घराबाहेर काढल्या. मुंबईत बसून तो आकडा वाचणाऱ्याला त्यांची भीती अवास्तव वाटू शकते. ती तशी नव्हती.

रोजच्या इंग्रजीतही हे दोन शब्द बरेचसे याच अंगाने चालतात. प्रश्नाचा आवाका, नुकसानीचा व्याप, निर्णयाचं मोठेपण सांगायचं असेल तर मॅग्निट्यूड. ‘द मॅग्निट्यूड ऑफ द प्रॉब्लेम’ म्हणजे प्रश्न केवढा मोठा आहे ते. वेदना, प्रकाश, उष्णता, व्यायाम यांचा जोर सांगायचा तर इंटेन्सिटी. ‘ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड’ हा प्रयोग साधारण दहापटीचा फरक सांगतो, उगाच ‘खूप जास्त’ या अर्थी वापरू नये. एक अपवाद लक्षात ठेवावा : चक्रीवादळाची इंटेन्सिटी म्हणजे वादळाचा स्वतःचा जोर, त्याच्या वाऱ्याच्या वेगावरून ठरवलेला. तिथे भूकंपाचा नियम लावायला जाऊ नये.

बातमी लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘४.१ मॅग्निट्यूडचा भूकंप’ लिहा, नाहीतर ‘४.१ परिमाणाचा’ लिहा, आणि शेजारी खोली किती व केंद्र कुठे हे द्या. तीव्रता हा शब्द गावात काय झालं ते सांगायला राखून ठेवा. ती माहिती कुठल्याही एका यंत्रातून मिळत नाही. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था ‘तुम्हाला जाणवला का?’ अशा अर्थाची प्रश्नावली ऑनलाइन चालवते. ती जगभरातून कुणालाही भरता येते, आणि लोकांच्या उत्तरांवरून इंटेन्सिटीचे नकाशे तयार होतात. पाटणच्या किंवा तलासरीच्या माणसाने तिथे लिहिलेलं ‘कपाटातली भांडी पडली’ हे वाक्य त्या नकाशात मोजलं जातं.