टवका पडलेलं अंडं सोलू नका

गेल्या जुलैत रात्री साडेदहाला शेजारच्या काकूंचा फोन आला. "सकाळी टवका पाडलान, अजून बाहेर येत नाही. आत गुदमरेल रे. सोलू काय?" थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून त्यांनी पहिल्यांदाच 12 गावठी अंडी उबवायला ठेवली होती. मी म्हटलं, सोलू नका आणि पेटीचं झाकणही उघडू नका.

काकूंना ते निर्दयपणाचं वाटलं. कवच सोलून पिल्लू ‘वाचवल्याचे’ व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतात, त्यात सोलल्यावर दुसऱ्या दिवशी काय झालं ते कुणी दाखवत नाही. शाळेत असताना मी एक अंडं असंच सोललं होतं. कवचाखालच्या पापुद्र्यातून रक्त आलं, पोटाशी पिवळा बलक लोंबत होता आणि सकाळपर्यंत पिल्लू गेलं. ते अडकलं नव्हतं. त्याचं काम चालू होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला सुमारे 10 हजार सूक्ष्म छिद्रं असतात. 60 ग्रॅमचं अंडं 21 दिवसांत त्यातून साधारण 6 लिटर ऑक्सिजन आत घेतं आणि साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड व 11 लिटर वाफ बाहेर टाकतं. फुप्फुसं अजून बंद असतात. श्वासाचं काम कवचाला आतून चिकटलेली रक्तवाहिन्यांची जाळी करते. जेवढं पाणी वाफ होऊन जातं, तेवढी हवा बोथट टोकाच्या पोकळीत जमते. अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर अंडं धरलं की ही पोकळी दिवसागणिक मोठी होताना दिसते.

एकोणिसाव्या दिवसाच्या सुमारास छिद्रांतून येणारा ऑक्सिजन पुरेनासा होतो. आत कार्बन डायऑक्साइड वाढतो, मानेचा जाड झालेला स्नायू झटके देऊ लागतो आणि चोच पापुद्रा फाडून हवेच्या पोकळीत शिरते. पिल्लाचा पहिला श्वास हा असा, बंद अंड्यातच! कानाशी धरलंत तर चिवचिव ऐकू येते. ती हवाही काही तासांत विटते आणि मग चोचीच्या टोकावरचा टणक कण कवचाला टवका पाडतो. यानंतर पिल्लू बराच वेळ निपचित वाटतं, बहुधा 12 ते 24 तास. या वेळात कवचाच्या जाळीतलं रक्त अंगात ओढलं जातं आणि उरलासुरला बलक बेंबीवाटे पोटात जाऊन बेंबी मिटते. याच शिदोरीवर पिल्लू पुढचे दोन दिवस दाणापाण्यावाचून राहू शकतं. ते सगळं झालं की पिल्लू आतल्या आत गोल फिरत बोथट टोक टोपीसारखं कापून काढतं.

ही हवेची पोकळी पुरेशी मोठी व्हावी म्हणून 18 दिवसांत अंड्याचं वजन सुमारे 12 टक्के घटायला हवं. 45 ग्रॅमचं गावठी अंडं साडेपाच ग्रॅमने हलकं झालं पाहिजे, आणि हे स्वयंपाकघरातल्या काट्यावरही मोजता येतं. कमी घटलं तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्याच पाण्यात गुदमरतं. जास्त घटलं तर पापुद्रा अंगाला चिकटून आवळतो.

इथे बहुतेक जण चुकतात. पेटीचं तापमान 37.5 अंश आणि आर्द्रता 50-55 टक्के हवी, असं वाचून सगळे पाण्याची वाटी ठेवतात. पण आर्द्रता तापमानावर ठरते. 27 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 26 ग्रॅम वाफ मावते, 37.5 अंशांना सुमारे 45 ग्रॅम. कोकणातल्या पावसाळी हवेत 90 टक्के आर्द्रता म्हणजे 23 ग्रॅम वाफ. हीच हवा पेटीत तापली की 45 पैकी 23, म्हणजे आपसूक 50 टक्के! वाटीची गरजच नाही. याउलट विदर्भात मार्चअखेरीस 35 अंश आणि 20 टक्के असेल, तर पेटीत जेमतेम 18 टक्के उरतात. तिथे वाटी हवीच. अठराव्या दिवसानंतर मात्र सगळीकडेच 65-70 टक्के लागते, कारण तेव्हा पापुद्रा मऊ राहायला हवा. झाकण उघडलं की ही वाफ क्षणात निघून जाते.

खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेली कोंबडी हे हिशेब न मांडता सांभाळते, अंडी दिवसातून कितीतरी वेळा उलटवते. पेटीत ते आपण करायचं, किमान तीनदा, अठराव्या दिवसापर्यंत. विजेच्या कडकडाटाने अंडी नासतात म्हणून डालग्यात लोखंडाचा तुकडा ठेवतात, त्याला काडीचा आधार नाही. वादळात वीज जाते आणि पेटी थंड पडते, अंडी नासतात ती त्यामुळे. लोखंडापेक्षा पेटीवर टाकलेली गोधडी जास्त उपयोगी.

पिल्लं निघाली की पहिला आठवडा 35 अंशांच्या आसपास ऊब द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, कार्बन मोनॉक्साइड पिल्लांना मारतो आणि माणसांनाही. पाण्याच्या भांड्यात खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगाची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात द्याच, ती बर्फातूनच आणायची. बाजारातली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवा. पिल्लं हाताळली की साबणाने हात धुवा, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. कोंबड्या अचानक पटापट मरू लागल्या तर त्या कापून खाऊ नका, विकूही नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नवापुरात.

काकूंचं पिल्लू पहाटे पाचला बाहेर आलं. सकाळी त्यांनी कवचाची टोपी माझ्या हातावर ठेवली. आतल्या पापुद्र्यावर बारीक तपकिरी रेषांची जाळी सुकून चिकटली होती, रक्ताचा थेंबही नव्हता.