कोंबडीची पिशवी तुंबणे (अन्नपुटाचे आजार)

कोंबडीनं टिपलेला दाणा सरळ पोटात जात नाही. आधी तो मानेच्या बुडाशी, छातीच्या जरा उजव्या अंगाला असलेल्या पिशवीत साठतो. पुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात, आपण नुसतं पिशवी म्हणू. तिथं दाणा भिजून मऊ पडतो आणि थोडा थोडा खाली पेषणीत उतरतो. पेषणी म्हणजे चिकनवाला पोटा-कलेजी देतो त्यातला पोटा, तिथं गिळलेल्या खड्यांवर दाणा दळला जातो. वरून खाली उतरणं थांबलं की पिशवी तुंबली.

संध्याकाळी खुराड्यात शिरताना पिशवी टम्म असते, ते नॉर्मल आहे, नवीन पाळणारे नेमके तेव्हाच हात लावून घाबरतात. बघायचं पहाटे, दाणा टाकायच्या आधी. रात्रभरात ती रिकामी होते, हाताला लागत पण नाही. सकाळी भरलेली लागली, कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसलीय, खाईना, अंडं बंद, छातीचं हाड टोचायलंय, तर मग गडबड आहे.

कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर आत काहीतरी अडकलंय. मराठवाड्यात सोयाबीनचं काड, कडब्याची लांब पानं, सुतळी, पोत्याचे प्लास्टिक धागे हेच बहुतेक वेळा कारण. आमच्या एका तलंगीच्या (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीच्या) चोचीबाहेर पोत्याचा निळा धागा बोटभर लोंबत होता, ओढायला हात गेलाच होता पण थांबलो. आतला गुंता कुठंवर गेलाय ते दिसत नाही, ओढलं तर अन्ननलिका फाटू शकते. शेवटी डॉक्टरांनीच काढला.

पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळली आणि चोचीला शिळ्या आंबिलीसारखा वास आला तर आत आंबलंय. हे काम बहुतेक वेळा कँडिडा नावाच्या बुरशीचं, बुरसलेला भरडा खाल्ल्यावर किंवा अँटिबायोटिक जास्त दिवस चालल्यावर तिला जोर येतो, म्हणून मनानं अँटिबायोटिक पाजणं इथं उलटं पडतं. तिसरा प्रकार लोंबत्या पिशवीचा. स्नायू सैल पडून पिशवी कायमची खाली येते, ती पूर्ववत होणं अवघड, थोडं थोडं खाऊ घालून सांभाळायचं.

घट्ट गोळ्याला घरचा उपाय असा: कोंबडी वेगळी डालग्याखाली ठेवायची, एक दिवस दाणा बंद, पाणी मात्र चालू. ड्रॉपरनं चोचीच्या कडेनं दोन-तीन मिली खायचं तेल थेंब थेंब सोडायचं, घाई केली की श्वासनळीत जातं. मग बोटांनी हलक्या हातानं गोळा चोळायचा, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मऊ पडला तर भिजवलेला भरडा थोडा थोडा.

आंबलेल्या पिशवीला बरेच जण कोंबडी उलटी धरून पाणी ओतून काढतात. हे करू नका. आठवडी बाजारात कोंबड्या पाय धरून उलट्याच नेतात त्यामुळं त्यात काही वाटत नाही, पण पिशवीतलं आंबट पाणी फुप्फुसात गेलं की कोंबडी डोळ्यादेखत जाते. बुरशीवर निस्टॅटिनसारखं औषध असतं, ते डॉक्टरांकडून वजनाप्रमाणं घ्यायचं. कुणी मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) सांगतं, जालन्याकडं मोसंबीवर मारायच्या बोर्डो मिश्रणासाठी ते घरात असतंच, पण तांबं जास्त झालं की विष, म्हणून चिमटीच्या अंदाजानं पाण्यात टाकू नये.

आणि तुंबणं हा दरवेळी मूळ आजार नसतो, खाली आतड्यात जंत किंवा अडथळा असला तरी वर पिशवी थांबते, मरेक्स या विषाणूच्या आजारात नसा बिघडून तसंच होतं. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, पण पिशवीत पाणी भरलेलं सापडतं. एकाच वेळी तीन-चार कोंबड्या बसल्या, हिरवी शीट, घरघर, मान वाकडी असं दिसलं तर पिशवी चोळत बसू नका, आजारी वेगळ्या काढून लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

दोन दिवसांत गोळा हलला नाही तर डॉक्टर पिशवीला छेद देऊन तो काढतात आणि टाके घालतात. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथं दाखवता येतं. औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत ते तिथंच विचारून घ्यावं. परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या खडे आपले आपण टिपतात, बंद खुराड्यातल्यांना मात्र बारीक खड्यांची वाटी ठेवावी लागते.