गाडी दारात आली. माणसापर्यंत मदत कधी आली?

‘अँब्युलन्सला किती वेळ लागला?’ या प्रश्नात दोन वेगळे वेळ दडलेले असतात. एक, फोन केल्यापासून गाडी इमारतीच्या दारात येईपर्यंतचा. दुसरा, माणूस कोसळल्यापासून त्याला प्रत्यक्ष मदत मिळेपर्यंतचा. पहिला मोजला जातो. जीव मात्र दुसऱ्यावर अवलंबून असतो, आणि कडक उन्हाळ्यात शहर या दोघांमधलं अंतर वाढवतं.

जून २०२१ च्या अखेरीस कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची लाट आली. ६१९ माणसं गेली, त्यातली ९८ टक्के घरातच तापली. सरकारी चौकशी अहवालानुसार यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी अँब्युलन्स गेली आणि निम्म्या वेळा ती साडेदहा मिनिटांच्या आत पोहोचली. ऐकायला ठीकच वाटतं. पण ५० वेळा तिला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागला, १७ जणांना फोनवरच बराच वेळ ताटकळावं लागलं आणि सहा वेळा ‘सध्या गाडी नाही’ असं उत्तर मिळालं. शिवाय मृतांपैकी निम्म्याहून अधिक एकटे राहत होते. एकटा माणूस खोलीत बेशुद्ध पडला तर फोन करणार कोण? त्याचं घड्याळ कधीच सुरू झालेलं असतं, यंत्रणेचं नाही.

गाडी आल्यावरही वेळ जातच असतो. टोरांटोत घरी हृदय बंद पडलेल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा वरच्या मजल्यांवर वाचणाऱ्यांचं प्रमाण खालच्यांपेक्षा कमी आढळलं. उन्हाळ्यात तर सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅबखालचा शेवटचा मजलाच.

आपल्याकडे १०८ साठी शहरात २० मिनिटांचं उद्दिष्ट आहे. पण नागपुरात मे महिन्याच्या दुपारी गाडी गल्लीच्या तोंडाशी अडली, वीज गेल्यानं लिफ्ट बंद, जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, तर त्यापुढची मिनिटं कुणाच्या हिशेबात धरायची? मला तरी तीच सगळ्यात महत्त्वाची वाटतात. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि ते अर्ध्या तासात खाली आणता आलं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते.

म्हणून फोन झाला की लगेच कामाला लागा. माणसाला सावलीत घ्या, जाड कपडे काढा, अंगावर बादलीनं गार पाणी ओता, पंखा लावा, नसेल तर सुपानं वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा.