लाथ मारणारे मास्तर आणि हाँगकाँगचे खलनायक

जॅकी चॅनला स्टार करणारे दोन्ही चित्रपट १९७८ सालचे, 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर'. दोन्हींचा दिग्दर्शक युएन वू-पिंग, आणि दोन्हींत शेवटी जॅकीसमोर उभा ठाकणारा माणूसही एकच : ह्वांग जांग-ली. पहिल्यात तो सर्पशैलीच्या माणसांना वेचून मारणारा गरुडपंजाचा उस्ताद, दुसऱ्यात नायकाच्या बापाची सुपारी घेतलेला मारेकरी. पहिल्याच्या चित्रीकरणात त्याच्या लाथेने जॅकीचा दात गेला.

ह्वांगचा जन्म १९४४ मध्ये जपानमध्ये, कोरियन कुटुंबात. पुढे कोरियात तायक्वांदोत तो तयार झाला, व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैनिकांचा प्रशिक्षक होता. अभिनयाची शाळा त्याने पाहिलेली नव्हती, पण तिथे त्याची गरजही नव्हती. त्या काळी हाँगकाँगचे चित्रपट बहुतेक मुके चित्रित होत आणि आवाज नंतर डब केला जाई. कँटोनीज किंवा मँडरिन या चिनी भाषा येत नाहीत म्हणून कुणाचं काम अडत नसे. चेहरा कडक हवा आणि पाय खरा हवा, एवढंच.

ही वाट ह्वांगने पाडली नव्हती. १९७० मध्ये हाँगकाँगची गोल्डन हार्वेस्ट ही चित्रपट कंपनी निघाली आणि बाहेरचे लढवय्ये आणण्याची चाल वाढली. १९७२ च्या 'वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये ब्रूस लीने रोमच्या कलोझियममधल्या लढतीसाठी चक नॉरिसला बोलावलं. नॉरिस अमेरिकी हवाई दलात असताना कोरियात तांग सू डो ही तिथली युद्धकला शिकला होता आणि कराटेच्या स्पर्धा गाजवून होता. त्याच चित्रपटात हापकिडो या कोरियन युद्धकलेचा उस्ताद ह्वांग इन-शिकही आहे (आडनाव तेच, माणूस वेगळा). जॅकीच्या 'द यंग मास्टर'मधली (१९८०) शेवटची लांबलचक मारामारी याच इन-शिकबरोबरची.

मग यांना नायक का नाही केलं? माझ्या मते उत्तर कथेच्या साच्यात आहे. नायक म्हणजे कच्चा शिष्य. तो आधी सपाटून मार खातो, एखाद्या म्हाताऱ्या गुरूकडे घाम गाळतो आणि मग जिंकतो. जॅकीसारखी मुलं पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती असलेल्या चिनी नाटकाच्या शाळेतून आलेली. कोलांट्या, लय आणि विनोद त्यांच्या अंगात मुरलेला. समोरचा मात्र खराच धोकादायक वाटला पाहिजे, नाहीतर सगळा गंमतजंमत प्रकार होऊन बसतो. ह्वांग जांग-ली एक पाय वर घ्यायचा आणि तो खाली न टेकवता समोरच्याला लागोपाठ लाथा हाणायचा. हे पाहिल्यावर नायक हरणार याची प्रेक्षकाला खात्री पटे, आणि तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होत.

१९७६ चा 'सीक्रेट रायव्हल्स' त्याला लाभला तो याच गुणावर. त्यातला पांढऱ्या केसांचा 'सिल्व्हर फॉक्स' इतका चालला की तसल्या भूमिका त्याला चिकटल्याच. पुढे किकबॉक्सर बेनी उर्किडेझचंही असंच झालं. 'व्हील्स ऑन मील्स'मध्ये (१९८४) त्याच्या फिरत्या लाथेच्या वाऱ्याने मेणबत्त्या विझतात. त्याच्याशी जॅकीची जी जुंपते, तशी मारामारी मला तरी दुसरीकडे सापडलेली नाही. १९८८ मध्ये 'ड्रॅगन्स फॉरेव्हर'मध्ये तो पुन्हा जॅकीसमोर आला, आणि पुन्हा खलनायक म्हणूनच.

आपल्याकडे हा प्रकार उशिरा दिसला. केरळात लहानपणापासून कळरीपयट्टू ही तिथली युद्धकला शिकलेला विद्युत जामवाल हिंदीत आला तो 'फोर्स'मधला (२०११) मुंबईतला खलनायक म्हणून. समोर जॉन अब्राहम होता, तरी पदार्पणाचं फिल्मफेअर विद्युतने नेलं. दोनच वर्षांनी 'कमांडो'त तो नायक झाला. ह्वांगला मात्र नायक व्हायला १९८१ मध्ये स्वतःच दिग्दर्शक व्हावं लागलं.